फुकटचा सल्ला: पोरं खेळवा, पैसे मोजा, अंगाशी आलं की हात वर करा

अमेरिकेतल्या एखाद्या बड्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅथलेटिक डिरेक्टर (खेळ खात्याचा साहेब) व्हायचा चान्स आला ना, तर डोळे झाकून घ्या. इतका सुखाचा धंदा पृथ्वीतलावर दुसरा नाही. आपल्याकडे शिक्षणसम्राट व्हायचं तर आधी साखर कारखाना लागतो, मग जमीन लागते, मग मंत्रालयात कुणीतरी आपला माणूस लागतो, तिथे तसलं काही नाही, एक फुटबॉलची टीम असली की झालं (हातात धरून पळतात तो फुटबॉल, गैरसमज नको). मिशिगनच्या स्टेडियममध्ये 1 लाख 7 हजारांवर माणसं बसतात, म्हणजे आपलं वानखेडे त्यात तीनदा भरेल. बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेच्या टीव्ही हक्कांसाठी सीबीएस आणि टर्नरवाले 2025 ते 2032 या आठ वर्षांचे 8.8 अब्ज डॉलर देतायत. आणि मैदानात घाम गाळणारी पोरं? अठरा ते बावीस वयाची, चार-पाच वर्षांत आपोआप बदलणारी, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, युनियन नाही. सांगा, असा कारखाना कुठे मिळेल.

फक्त याला धंदा म्हणायचं नाही हं. चुकूनसुद्धा नाही. 1955 साली कोलोराडोत फोर्ट लुइस नावाच्या छोट्याशा कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला, मागे बायको आणि तीन मुलं. कामावर असताना माणूस गेला तर घरच्यांना जी भरपाई मिळते ती बायकोने मागितली. 1957 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, त्यामुळे तुमचा नवरा कामगार नाही, त्यामुळे भरपाई नाही. बघा, किती स्वच्छ काम! एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची बीसीसीआय समजा, फक्त हजारावर कॉलेजं सभासद असलेली आणि कितीतरी पटीने सोवळी, तर या एनसीएएने त्याच काळात खेळाडूला स्टुडंट-अ‍ॅथलीट म्हणायचा नियमच करून टाकला. नंतर त्यांचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच सांगून टाकलं की हे सगळं भरपाईच्या दाव्यांतून सुटायला होतं. तुम्ही मात्र रिटायर झाल्यावर असलं काही बोलू नका, पेन्शन घ्या आणि गोल्फ खेळा.

आता नियम. नियम भरपूर करा, जितके बारीक तितके चांगले, कारण बारीक नियम असले की मोठ्या गोष्टी बघायला कुणाला वेळच उरत नाही. खाण्याचंच घ्या. एनसीएएच्या पुस्तकात बरीच वर्षं असं होतं की खेळाडूला जेवणाव्यतिरिक्त फळं, सुकामेवा आणि बेगल (मध्ये भोक असलेला पाव) देता येईल, पण बेगलला क्रीम चीज लावलं की नियमभंग. कोरडा बेगल म्हणजे शिक्षण आणि चीज लावला की लाच, असा हिशोब. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचं प्रकरण तर फ्रेम करून ऑफिसात लावा: ग्रॅज्युएशनच्या मेजवानीत तीन खेळाडूंनी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पास्ता खाल्ला, युनिव्हर्सिटीने स्वतःहून जाऊन हा गुन्हा कबूल केला आणि त्या पोरांना पुन्हा खेळायची परवानगी हवी म्हणून प्रत्येकाने 3 डॉलर 83 सेंट दानधर्माला द्यावेत असं ठरलं. तीन डॉलर त्र्याऐंशी सेंट. म्हणजे कुणीतरी चांगल्या पगारावरचा माणूस खुर्चीत बसला असेल, किती चमचे पास्ता परवानगीतला आणि किती परवानगीबाहेरचा हे त्याने विचारलं असेल, सॉस धरायचा की नाही यावर दोन ईमेल गेले असतील, आणि शेवटी तो आकडा आला असेल. असा माणूस तुमच्याकडे हवाच, त्याला कम्प्लायन्स ऑफिसर म्हणतात.

2014 मध्ये कनेक्टिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर विजेतेपदाच्या वेळेला पत्रकारांना म्हणाला की कधीकधी रात्री उपाशी झोपावं लागतं, खायला पैसे नसतात. झालं, चारआठ दिवसांत एनसीएएला पोरांच्या भुकेची आठवण झाली आणि पोटभर जेवणाचा नियम मंजूर. यातून धडा असा की पोरांना मायक्रोफोनपासून लांब ठेवा. यूट्यूबपासून तर फारच लांब. 2017 मध्ये सेंट्रल फ्लोरिडाच्या फुटबॉल टीमचा एक किकर स्वतःचे व्हिडिओ टाकून चार पैसे कमवत होता, त्याला सांगितलं की चॅनलवरची कमाई ठेव किंवा खेळ, त्याने चॅनल ठेवलं, आणि स्कॉलरशिप गेली. त्याच्या टीमचे सामने दाखवून टीव्ही चॅनलवाले पैसे कमवत होते ते वेगळं. ते मोठे चॅनल होते ना.

शिकवायचं काय, असं कुणी विचारलं तर नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचा अभ्यास करा. तिच्या चॅपल हिल कॅम्पसवर 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं असे क्लास चालले की ज्यांत वर्ग नाही, प्राध्यापक नाही, हजेरी नाही, सेमिस्टरच्या शेवटी एक पेपर लिहून द्यायचा आणि तो तपासणार कोण तर ऑफिसातल्या क्लार्कबाई. मार्क मात्र सढळ हाताने. 3,100 वर विद्यार्थ्यांनी फायदा घेतला, त्यात जवळपास निम्मे खेळाडू. 2014 मध्ये चौकशीचा रिपोर्ट आला, सगळं जगजाहीर झालं, आणि 2017 मध्ये एनसीएएने निकाल दिला की आम्ही काही करू शकत नाही कारण हे बोगस क्लास फक्त खेळाडूंना नव्हते, बाकीच्या विद्यार्थ्यांनाही उघडे होते. वा रे वा! फक्त खेळाडूंना फसवलं असतं तर गुन्हा, सरसकट सगळ्यांना फसवलं तर ती शैक्षणिक बाब. तेव्हा जे काय कराल ते सर्वसमावेशक करा.

आता पुढचं जरा हळू वाचा, इथे मला विनोद सुचत नाही तरी सल्ला द्यायचाय. मिशिगन स्टेटच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले, 2018 मध्ये युनिव्हर्सिटीने 332 पीडितांबरोबर 50 कोटी डॉलरची तडजोड केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एनसीएएने कळवलं की आमच्या नियमांचा भंग झालेला दिसत नाही. पास्त्याचा नियम होता, याचा नव्हता. त्याच उन्हाळ्यात मेरीलँडला एकोणीस वर्षांचा एक पोरगा प्रॅक्टिसमध्ये पळता पळता कोसळला, उष्माघात, वेळेवर थंड पाण्यात ठेवलं नाही, दोन आठवड्यांनी गेला. ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये वरच्या बोर्डाने ठरवलं की कोच राहू दे. लोक खवळले, दुसऱ्या दिवशी कोच गेला, जाताना करारातले उरलेले लाखो डॉलर घेऊन गेला, आणि नंतर दुसऱ्या मोठमोठ्या कॉलेजांत कोचिंग करत राहिला. तर जबाबदारी स्वीकारायला अजिबात घाबरू नका. ती स्वीकारायची असते, घ्यायची नसते.

कोच विषय निघालाच आहे तर पैसे कसे उडवायचे तेही सांगतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने फुटबॉल कोच जिंबो फिशरला काढलं आणि नुसतं घरी बसायचे त्याला साधारण 76 मिलियन डॉलर देणं लागलं. आपल्या हिशोबात सहाशे कोटींच्या वर, काम न करण्याचे! मी तो आकडा वाचला तेव्हा म्हटलं छपाईची चूक असेल. बरं हा करार कुणी केला, मुदत कुणी वाढवली, कुणाच्या सहीने, असले प्रश्न विचारणाऱ्याला सांगा की हे डोनर लोकांच्या पैशातून आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि आयजी पण खूश, कारण तिला बॉक्समध्ये बसून मॅच बघायला मिळते.

एवढं सगळं छान चाललेलं असताना कोर्टात माशी शिंकली. आधी एड ओबॅनन, 1995 ला यूसीएलएला चॅम्पियन करणारा खेळाडू, त्याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच दिसणारा, स्वतःच्याच नंबरचा पोरगा दिसला आणि त्याने 2009 मध्ये एनसीएएवर केस टाकली. मग 2021 मध्ये, खेळाडूला काय काय देता येईल यावरच्या एनसीएएच्या मर्यादांविरुद्धच्या ऑल्स्टन केसमध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 9 विरुद्ध 0 असा निकाल दिला, आणि जस्टिस कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. नऊच्या नऊ! आजकाल ते नऊ जण चहा प्यायचा की कॉफी यावर पण एकमताने ठरवणार नाहीत. दहाच दिवसांत, 1 जुलै 2021 पासून, खेळाडूला स्वतःच्या नावाने जाहिराती करायची परवानगी मिळाली, आणि शेवटी 6 जून 2025 ला जज क्लॉडिया विल्केन यांनी हाऊस केसमधली (हाऊस हे खेळाडूचं आडनाव) तडजोड मंजूर केली: मागचे म्हणून जवळपास 2.8 अब्ज डॉलर दहा वर्षांत द्यायचे, आणि पुढे प्रत्येक कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकेल, पहिल्या वर्षी फार तर 20.5 मिलियन.

घाबरू नका, यातूनही वाट आहे. एक म्हणजे हे पैसे दिले तरी खेळाडू कामगार नाहीच, हे ठासून सांगत राहा. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलच्या पोरांनी 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन केली होती, वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या युनियनने स्वतःच मान्यतेचा अर्ज मागे घेतला, वारं बदललंय हे त्यांनाही कळलं. दुसरं, वाटणी. मागच्या थकबाकीतला तीन चतुर्थांश भाग फुटबॉलच्या पोरांना, मग पुरुष बास्केटबॉल, आणि मुलींच्या वाटणीला साधारण दहातला एक रुपयाही येत नाही, आणि कुणी मुलामुलींत भेदभाव नको म्हणणारा टायटल नाइन कायदा काढला तर म्हणा बाजारभाव आहे हो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात आवडलं, खेळाडूने बाहेर 600 डॉलर किंवा त्याहून मोठं कुठलंही डील केलं की ते डेलॉइट या हिशेब तपासणाऱ्या कंपनीने बांधलेल्या पोर्टलवर टाकायचं, तिथे बघणार की एवढे पैसे खरंच वाजवी आहेत का, या पोराची तेवढी किंमत आहे का. जिंबोभाऊंचे 76 मिलियन मात्र कुठल्याच पोर्टलवर टाकावे लागले नव्हते.

आणि हा नवा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा नसतो एवढं तर तुम्हाला कळत असेलच. टेनेसी युनिव्हर्सिटीने 2025 च्या सीझनसाठी तिकिटांवर 10 टक्के टॅलेंट फी लावली, म्हणजे साठ-सत्तर वर्षं धंदा नाही धंदा नाही म्हणत काढली आणि आता बिल सरळ प्रेक्षकाच्या हातात. त्यापेक्षा जुना उपाय म्हणजे विद्यार्थ्यांची फी. बऱ्याच कॉलेजांत फीच्या बिलात अ‍ॅथलेटिक्सची एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. सांगली-साताऱ्याहून घर गहाण टाकून एमएसला आलेला पोरगा, ज्याला टचडाऊन म्हणजे काय ते माहीत नाही, शनिवारी लायब्ररीत बसलेला असतो आणि बाहेर ढोल वाजतायत म्हणून चिडतो, तोसुद्धा ती भरतो. त्याला एफ-1 व्हिसावर आठवड्याला वीस तास कॅम्पसवरच काम करता येतं, आणि गंमत म्हणजे त्याच व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूला या जाहिरातींच्या पैशांना अमेरिकेत हात लावायला भीती वाटते, कारण उद्या इमिग्रेशनवाले विचारतील हे कसलं काम. म्हणजे परदेशी पोरगं असेल तर तुमचा एक भिडू अजून जुन्या भावात. रिक्रूटिंगला जाताना लक्षात ठेवा.

एवढं करून पैसे पुरले नाहीत तर पोहणं, टेनिस असले खेळ बंद करा. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली युनिव्हर्सिटीने 2025 च्या मार्चमध्ये स्विमिंग आणि डायव्हिंग बंद केलं आणि या तडजोडीकडे बोट दाखवलं. बोट दाखवायला काहीतरी मिळालं हे केवढं बरं झालं. मग वॉशिंग्टनला जा. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर, मॅसेच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, आधीच तिथे खेटे घालतायत, मागणी एकच, की आमच्यावर अशा केसेस टाकता येणार नाहीत असा कायदा करा आणि खेळाडू कामगार नाहीत हे पण त्यातच लिहून टाका. सिनेटरसमोर बसताना चेहरा जरा पडलेला ठेवा आणि ऑलिम्पिकचं काय होणार, छोट्या खेळांचं काय होणार, आमच्या पोहणाऱ्या मुलींचं काय होणार, असं म्हणा. फक्त ज्यांची टीम आत्ताच बंद केली त्याच मुली फोटोला नेऊ नका.