टाच असलेली कटावणी

मोटार दुरुस्तीच्या हत्यारांमध्ये सर्वांत कमी मान कोणाच्या वाट्याला येत असेल, तर तो कटावणीच्या. पान्यांचे संच खाचांच्या पेटीत ओळीने विराजमान होतात, टॉर्क रेंचला दुकानदार काचेच्या कपाटात ठेवतो, आणि कटावणी मात्र दुकानाच्या मागच्या अंगाला फावडी, घमेली आणि पाइपांच्या सान्निध्यात भिंतीला टेकून उभी असते. त्यातच वर्तमानपत्रांनी तिची अब्रू घालवली आहे. घरफोडीच्या बातमीत कुलूप कशाने उचकटले हे सांगताना तिचे नाव हमखास येते. त्यामुळे चष्मा लावलेल्या एखाद्या सभ्य गृहस्थाने 'कटावणी दाखवा' असे म्हटले, की दुकानदार आधी त्या गृहस्थालाच नीट न्याहाळून घेतो.

माझी गरज पूर्णपणे कायदेशीर होती. माझ्या वयोवृद्ध मारुती 800 चा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची गती चाकाला पोहोचवणारा दांडा, गिअरबॉक्समधून बाहेर काढायचा होता. शाफ्टच्या आतल्या टोकाला एक लहानशी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी तारेची कडी, असते आणि ती खाचेतून सुटेपर्यंत शाफ्ट जागचा हलत नाही. आमच्या गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज चढला असेल, तर विचारायलाच नको. गिअरबॉक्स आणि शाफ्टचा सांधा यांच्यामधल्या अरुंद फटीत काहीतरी सरकवून एक नेमका झटका द्यावा लागतो. परंतु गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे धारदार कडेने त्याला चरे पडतात, आणि टोक गरजेपेक्षा आत गेले तर ऑइल सील फाटून पुढे गिअर ऑइल अंगणात ठिबकत राहते. म्हणून या कामाला सुमारे 16 इंच लांबीची, पातळ जिभेची आणि वळलेल्या टोकाला गुळगुळीत गोल टाच असलेली कटावणी लागते. टाच कवचावर टेकते, जीभ सांध्यामागे जाते आणि टाचेवर दांडा लोळवला की काम होते. टेकूपासून जिभेचे टोक 1 इंचावर आणि हात 15 इंचांवर असेल, तर हाताचा 10 किलोचा जोर टोकाशी 150 किलोचा होतो. शाळेत तरफेचा हा हिशेब शिकवणाऱ्या गुरुजींनी तरफ कोणत्या दुकानात मिळते, हे मात्र सांगितले नव्हते.

जगात अशा हत्यारांचे प्रकार पुष्कळ आहेत. एका टोकाला टाच आणि दुसऱ्या टोकाला भोके जुळवण्यासाठी निमुळती टोच असलेली, कळ दाबून डोक्याचा कोन बदलता येणारी, मुठीवर हातोडा मारला तरी चालावे म्हणून दांडा मुठीतून आरपार गेलेली, बॉल जॉइंट सोडवण्यासाठी दोन बोटांची, आणि दाराच्या आतल्या क्लिपा न मोडता काढण्यासाठी चक्क नायलॉनची. हे ज्ञान माझ्यापाशी होते आणि तेच माझ्या मुळावर आले, कारण ग्राहकाला नेमके काय हवे ते ठाऊक असणे ही गोष्ट कोणत्याही दुकानदाराला खपत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून मी आरंभ केला. "किदें जाय?" या प्रश्नाला मी टाच, जीभ आणि इंच यांसह सविस्तर उत्तर दिले. विक्रेत्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि जमिनीत खड्डे खणण्याची पाच फुटी पहार माझ्यापुढे उभी केली. "ही व्हरात, हतीक लेगीत उखलतली," असे आश्वासनही त्याने दिले. माझ्या मोटारीत हत्ती अडकलेला नाही, हे मी त्याला समजावून सांगितले. परंतु त्याच्या मुद्रेवरून ते त्याला पटलेले दिसले नाही.

मडगावात मी पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. या वेळी गोव्यात दुकानाचे दार उघडण्याचे सामर्थ्य जगातल्या कोणत्याही कटावणीत नाही, तेव्हा संध्याकाळपर्यंत थांबणे ओघाने आलेच. उघडल्यावर एका दुकानाने मला टायर काढण्याची पट्टी दाखवली, दुसऱ्याने सुताराची खिळे उपटण्याची, आणि तिसऱ्याने या दोन्ही वस्तूंची हेटाळणी करून एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर पुढे केला. स्क्रूड्रायव्हर हे आपल्याकडील मेकॅनिकांचे खरे कुलदैवत. तो छिन्नी होतो, डब्याचे झाकण उघडतो, प्रसंगी पाठही खाजवतो. माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानेही, "अहो भाऊ, मोठा पेचकस घाला आणि मारा दणका," असाच सल्ला दिला. वास्तविक पेचकसाचे कडक टोक पीळ सहन करण्यासाठी असते, आडवा जोर सहन करण्यासाठी नव्हे. ते तुटले तर तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही. परंतु हे बोलणाऱ्या माणसाकडे गॅरेजमध्ये जसे पाहतात, तसेच माझ्याकडे पाहण्यात आले.

ऑनलाइन मागवण्याचा मार्ग मोकळा होताच. तेथे 8, 12, 18 आणि 24 इंचांचा चौघींचा संच मिळतो, म्हणजे मला हवी असलेली तेवढी वगळून बाकी सगळ्या. शिवाय चित्रातली कटावणी बंदुकीएवढी दिसते आणि पुडक्यातून निघते ती पेन्सिलीएवढी, हा अनुभव मी एका अनामिक विक्रेत्याच्या कृपेने घेतला. तिच्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे हत्यारांच्या चिवट पोलादाचे नाव ठळक कोरलेले होते. पहिल्याच झटक्याला ती वाकली, यावरून क्रोम आणि व्हॅनेडियम हे दोन्ही त्या अक्षरांतच संपले असावेत.

शेवटी मी डिचोलीची वाट धरली. खाणपट्ट्यातल्या गॅरेजांत आजन्म टिप्पर दुरुस्त झालेले असल्यामुळे तेथे सगळीच हत्यारे दंडाएवढी जाड असतात, आणि मला दाखवलेली सर्वांत नाजूक कटावणी माझ्या गिअरबॉक्सपेक्षा मोठी होती. तथापि तेथेच एकाने मला जवळच्या मेस्ताकडे, म्हणजे लोहाराकडे, पाठवले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी थांबल्या आणि बरेच टिप्पर जागच्या जागी उभे राहिले. अशा टिप्परांचे मोडके पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, त्या मेस्ताच्या दारात पडलेले होते. पाट्याचे पोलाद स्प्रिंगचे असते, म्हणजे वाकून पुन्हा सरळ होणारे, आणि कटावणीला नेमका हाच स्वभाव लागतो. फार कडक केली तर ती तुटते, फार मऊ ठेवली तर माझ्या क्रोम व्हॅनेडियमसारखी नम्र होते.

मी कागदावर आकृती काढून दिली. मेस्ताने ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी धरली, आणि मापे न विचारताच पाटा भट्टीत घातला. लाल झालेले टोक त्याने ऐरणीवर वळवले, टाच गोल केली आणि पाण्याऐवजी जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवले, कारण हे पोलाद पाण्यात एकदम निवले तर त्याला तडा जाण्याची भीती असते. नंतर ते घासून पुन्हा हलके तापवले आणि त्यावर निळसर झाक चढताच बाजूला ठेवून दिले. या सर्व काळात तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, आणि इतक्या दुकानांतून फिरल्यानंतर मला त्याचा हा गुण फारच भावला.

शाफ्ट त्याच संध्याकाळी निघाला. शेजाऱ्यांनी टक्क आवाज ऐकून चौकशी केली आणि पावसात फुगून बसलेले आपले मागचे दार उघडण्यासाठी ती कटावणी उसनी मागितली. मी त्यांना म्हापशाच्या पहारीचा पत्ता दिला. स्वतःसाठी मात्र मी मेस्ताकडे दुसरी, निमुळत्या टोचेची, सांगून ठेवली आहे. "चवथ जातकच दितां," असे तो म्हणाला. कोणत्या वर्षाची चतुर्थी, हे त्याने सांगितले नाही आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही.