‘एजंटाला सगळीकडे एजंटच दिसतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सातारा-सांगलीकडच्या शिक्षणसंस्था उभ्या करणारी माणसं त्याआधी पोटापाण्यासाठी काय करत होती, यावर मी लिहिलं होतं. सरांचं म्हणणं असं की कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा, मोठेपणा त्यागात आहे, नोकरीत नाही. मी विमा एजंट, म्हणून मला अण्णांतही फिरता विक्रेताच दिसतो. आणि हाच निकष लावायचा तर आजच्या संस्थाचालकांनाही लावून दाखवा.

एजंटाचा टोमणा मान्य. बावीस वर्षं खटाव-माणच्या वाड्यावस्त्यांवर विमा विकतोय. पहिल्या फेरीत पाणी मिळतं, दुसऱ्या फेरीत चहा, तिसऱ्या फेरीत घरातला खरा हिशेब. कुणावर सोसायटीचं कर्ज आहे, कुठला पोरगा हुशार आहे आणि कुणी त्याला म्हशींमागं लावलंय, हे तिसऱ्या फेरीला आपोआप कळतं. विचारावं लागत नाही.

आता अण्णा. राजाराम हायस्कूलचं शिक्षण अर्ध्यात सुटलेलं, साताऱ्यात शिकवण्या केलेल्या, पुढं ओगल्यांच्या काचमालासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरासाठी गावोगाव हिंडलेले. नांगराचं तर मुद्दाम सांगतो. लोखंडी फाळानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. असलं गिऱ्हाईक भाषण ऐकून नांगर घेत नाही. शेतात चालवून दाखवावा लागतो. मग हाच माणूस कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या दारात जाऊन ‘पोराला शाळेत घाला’ म्हणाला, तेव्हा त्याला उत्तर काय मिळालं असेल? शिकलं की पोरगं कामातनं जाईल. म्हणजे तीच समजूत, फक्त फाळाच्या जागी पाटी. आपल्या बोर्डिंगची, म्हणजे वसतिगृहाची, पोरं शेतात राबतात, स्वतःचं अन्न स्वतः पिकवतात आणि परीक्षाही पास होतात, हे त्यांनी डोळ्यांपुढं करून दाखवलं. ‘कमवा आणि शिका’ला आपण आज तत्त्वज्ञान म्हणतो. मला त्यात नांगर चालवून दाखवणारा माणूस दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काल्यात अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग निघालं, १९२७ ला गांधीजींनी त्याचं नामकरण केलं. हा इतिहास तुम्ही वर्गात शिकवलाय, मी कशाला सांगू. माझा प्रश्न एवढाच, की काल्यासारख्या गावात माणसं जमली ती कुणाच्या ओळखीवर? त्यागाच्या का? त्याग पुढं दिसला. आधी पायाखालची वाट होती.

तुमच्या बाजूचा एक दाखला तुम्ही दिला नाहीत, तो मीच देतो. बापूजी साळुंखे. पाटण तालुक्यातल्या रामपूरचे, पेशानं शिक्षक, रयतमध्येच घडलेले. १९५४ ला त्यांनी स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. आता दोन्ही ब्रीदवाक्यं शेजारी ठेवा. अण्णांचं ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. बापूजींचं ‘ज्ञान, विज्ञान आणि सुसंस्कार यांसाठी शिक्षणप्रसार’. एकाला आधी पोराच्या भाकरीची काळजी, दुसऱ्याला पोराच्या वळणाची. एक दारोदार हिंडलेला, दुसरा फळ्यापुढं उभा राहिलेला. दोघांच्याही त्यागात खोट काढायची कुणाची हिंमत नाही, पण मागचा पेशा संस्थेच्या अंगात उतरतोच.

आजच्यांनाही लावा म्हणता, लावतो की. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या वसंतदादा पाटलांनी मुख्यमंत्री असताना १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आपली पोरं बाहेरच्या राज्यात जाऊन देणग्या भरत होती. पण त्या दारातून पुढं नाना धंद्यांची माणसं आत आली. माझ्या मुलाच्या प्रवेशाला अशाच एका कॉलेजात गेलो होतो. संस्थापक मूळचे बांधकामातले. काय इमारत म्हणून सांगू! पोर्चमध्ये ग्रॅनाइट, जिन्याला स्टीलचं रेलिंग. ग्रंथालयाला मात्र कुलूप, आणि खिडकीतल्या क्लार्कनं मार्कशीट हातात घ्यायच्या आधी ‘बाकीचं कसं करणार?’ असं विचारलं. बिल्डरनं आपल्याला जे येतं ते बांधलं. तुम्हाला वाटतंय निकष आजच्यांना लावला तर मी अडचणीत येईन. मला वाटतं तो तिथंच जास्त लागू पडतो.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला पुरतं पकडलंत. ‘लक्ष्मीबाईंचा उल्लेख एका ओळीत उरकलात,’ असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. लक्ष्मीबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी, सनातनी वळणाच्या जैन घरातली बाई. सगळ्या जातींच्या पोरांना एका पंक्तीला वाढत राहिली, आणि बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने विकता विकता शेवटी मंगळसूत्रापर्यंत आली. मी लेखात प्रत्येकाचा व्यवसाय लिहिला आणि त्यांच्यापुढं काहीच लिहिता येईना, म्हणून पुढं सरकलो. विम्याच्या फॉर्मवरही आम्ही असंच करतो. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहायचं आणि उत्पन्नाच्या रकान्यात रेघ मारायची. काल रात्री तो लेख उघडून तेवढा भाग नव्यानं लिहायला घेतलाय.

त्यासाठी तुमची मदत हवी. तुम्ही लिहिलंय की हायस्कूलची चार वर्षं तुम्ही स्वतः बोर्डिंगात काढलीत. तिथं भाकरी कोण थापायचं, सर? बायका होत्या, की पोरांच्याच पाळ्या असायच्या? पीठ कुठनं यायचं? आठवेल तेवढं कळवा. रविवारी मी साताऱ्यातच आहे, सांगाल तिथं येतो. पॉलिसीचा विषय काढणार नाही.