गॅरेजच्या दारात साचलेल्या पाण्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गॅरेजमध्ये पाणी शिरल्यावर एक स्टार मिळाला, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तुम्ही लिहिलंय की आम्ही गॅरेजसमोर पेव्हिंग ब्लॉक बसवल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात दाराशी तळं झालं, दीड महिन्यात फाटकाजवळचे ब्लॉक खचले आणि दोनदा फोन करूनही कोणी फिरकलं नाही. फोनचं आधी सांगतो. पहिला आमच्या सुपरवायझरने घेतला, "ब्लॉक नवे आहेत, सांधे बसले की पाणी जिरेल" असं सांगून मोकळा झाला आणि मला काही बोलला नाही. दुसरा कोणी घेतला, हे आता कोणीच कबूल करत नाही. याला माझ्याकडे सबब नाही, माफी आहे.

तो जे बोलला तेही चूकच. साध्या ब्लॉकच्या सांध्यांत बारीक वाळू असते. सुरुवातीला थोडं पाणी तिच्यातून खाली उतरतं, पण माती बसत गेली की तेही कमी होतं. म्हणजे दिवस जातील तसं पाणी जास्तच साचणार. जिरवणारं पेव्हिंग वेगळं असतं; त्यात सांधे रुंद ठेवतात, वाळूऐवजी बारीक खडी भरतात आणि खालचा थरही पोकळ खडीचा असतो. आपलं काम तसं ठरलं नव्हतं. इथे पाणी वरूनच वाहून गेलं पाहिजे, आणि त्याला ढाळ लागतो.

रविवारी मी स्वतः आलो तेव्हा तुमच्यासमोरच बादलीभर पाणी ओतलं. ते बाजूच्या, पाणी वाहून नेणाऱ्या चेंबरकडे जायला हवं होतं. हातभर गेलं, घुटमळलं आणि सावकाश वळून गॅरेजच्या दाराशी आलं. मला तेवढ्यातच कळलं, पण मापही घेतलं. अशा जागेला साधारण ४० ला १ ढाळ धरतात, म्हणजे मीटरमागे २५ मिमी. दारासमोर तो ८ मिमीसुद्धा भरला नाही. शिवाय ३ मीटरची सरळ पट्टी ब्लॉकवर ठेवली, तर तिच्याखाली एके ठिकाणी १४ मिमी फट निघाली. १० मिमीपर्यंत चालते.

असं का झालं? फाटकाबाहेरचा रस्ता उंच आहे आणि गॅरेजची फरशी खाली. दोन्ही टोकं ठरलेली असली की मधे ओढूनताणून ढाळ निघत नाही, दारापुढे आडवी जाळीची नाली घालावीच लागते. तुम्ही काम सुरू होण्याआधी नालीबद्दल विचारलं होतं आणि आमच्या माणसाने "गरज नाही" म्हटलं होतं. मी त्याला विचारलं. तो हो म्हणाला. त्यामुळे नालीचा सगळा खर्च आमचा.

फाटकाजवळ खचलंय ती जागा पाण्याच्या नव्या पाइपच्या चराची आहे. चर आम्ही खणला नव्हता, पण भुसभुशीत माती दिसत असताना त्यावर ब्लॉक आम्हीच बसवले. थर देऊन, ठोकून घ्यायला हवी होती. आता तेवढा पट्टा उकलून तसंच करू.

एक मुद्दा मात्र मला मान्य नाही. "खालचा माल निकृष्ट आहे" असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या देखत चार ब्लॉक काढले. खाली ४० मिमी जाड वाळू होती आणि तिच्याखालच्या खडीत पहार शिरेना. मालात खोट नाही. वाळू मात्र चिंब होती, आणि ओल्या वाळूवरून चाक गेलं की दर वेळी थोडी वाळू हलते. तिथे पाणी येतंही फार. छताचा पाइप थेट ब्लॉकवर सोडलेला आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ९० चौरस मीटर छतावर ३० मिमीची सर आली की २७०० लिटर त्याच एका कोपऱ्यात. तो पाइप बागेकडे वळवा, किंवा घराच्या पायापासून ५ मीटर तरी लांब शोषखड्डा घ्या. खणून आम्ही देऊ, जागा तुम्ही ठरवा.

शेजाऱ्यांनी सांध्यांत सिमेंट भरायला सांगितलंय म्हणता. कृपा करून भरू नका. गाडीच्या वजनाने ते तडकतं, तड्यांतून शिरलेलं पाणी आतच कोंडतं आणि पुढे ब्लॉक काढायचे झाले तर धड निघत नाहीत.

दारासमोरचे ब्लॉक अडीच मीटरपर्यंत उचलू. ढाळ खडीच्या थरातच काढायचा. वाळू कमीजास्त करून काढला तर जाड वाळूची बाजू पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बसते. नाली काँक्रीटमध्ये बसवून चेंबरला जोडू. ब्लॉक जाळीपेक्षा ३ ते ६ मिमी वर राहतील, म्हणजे थोडे बसले तरी पाणी नालीतच पडेल. दोन दिवसांचं काम आहे, तेवढे दिवस गाडी बाहेर लावावी लागेल.

काम झालं की पाण्याचा पाइप तुमच्या हातात देतो. तुम्ही हवं तितकं पाणी सोडा, मी गॅरेजच्या आत उभा राहतो.