दोन मिनिटांत आठ नृत्यशैली

आपल्याला काय येतं हे सोसायटीत कधी कळू देऊ नये. माझं बिंग घुंगरांनी फोडलं. कॉलेज रोडच्या कथकच्या क्लासहून परत येताना लिफ्टमध्ये पिशवी जरा हलली आणि आतून ‘छुम्म’ झालं. बी-विंगच्या काकूंनी आधी पिशवीकडे, मग माझ्या पायांकडे आणि शेवटी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

“घुंगरू?”

“हो, क्लासला जाते ना.”

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, तरी काकूंचा आवाज खाली आला. “लावणीच्या?”

‘नाही हो, कथकच्या’ एवढ्यावर भागलं असतं. पण हौशी माणसाचं एवढ्यावर भागत नाही. काकू, लावणीचं नाव काढताना आवाज कशाला उतरवायचा, इथून मी सुरुवात केली. फडावरची बाई पायांत किलोकिलोचे चाळ बांधून ढोलकीशी सवाल-जवाब करते, हे सांगितलं. बैठकीची लावणी तर त्याहून कठीण, बाई जागची उठत नाही आणि भुवई, नजर, मनगट एवढ्या भांडवलावर एकेका ओळीचे नाना अर्थ काढून दाखवते, हेही सांगितलं. मजला आला होता. मी पायाने दार अडवून धरलं होतं.

“बसून?” काकूंचा चेहरा उजळला. “म्हणजे गुडघ्यांचं काही नाही ना त्यात?”

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मी नृत्यतज्ज्ञ झाले होते. बँकेत इतकी वर्षं नोकरी केली, पण कर्जाचा सल्ला कोणी विचारला नाही. गणपती जवळ आले तसे सेक्रेटरीसाहेब पेढे घेऊन घरी आले. पार्किंगमध्ये नृत्यस्पर्धा होती. परीक्षण मी करायचं, आणि प्रत्येक नाचाआधी त्या शैलीची ओळखही मीच करून द्यायची. “लोकांना जरा नॉलेज मिळालं पाहिजे. पण दोन मिनिटांत हं ताई. आरती वेळेवर व्हायला हवी.”

मी म्हटलं, अहो, नुसत्या शास्त्रीय म्हणाल तरी संगीत नाटक अकादमीने मानलेल्या आठ शैली आहेत. भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, मणिपुरी, मोहिनीअट्टम, ओडिसी आणि आसामचं सत्रिय. सत्रिय नृत्य शंकरदेवांच्या परंपरेतलं, वैष्णव सत्रांमध्ये, म्हणजे मठांमध्ये, शतकानुशतकं चालत आलेलं. पण त्याला यादीत जागा मिळाली ती 2000 साली.

“उशीर झाला म्हणायचा,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

त्यांची स्वतःची एक वर्गवारी तयार होती. गोल फिरतात ते कथक, आणि कमरेखाली जरीचा पंखा उघडतो ते भरतनाट्यम. खरं सांगायचं तर हे काही वाईट नाही. मी फक्त भर घातली. कथकवाले गुडघे ताठ ठेवून उभे असतात. भरतनाट्यमवाल्यांना अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसूनच सगळा संसार करावा लागतो. ओडिसीत मान, कंबर आणि गुडघा अशी शरीराला तीन ठिकाणी बाक दिलेली त्रिभंगी. मणिपुरी रासात चेहऱ्यावर झिरझिरीत ओढणी आणि पायांत घुंगरू नाहीत. कथकलीत हिरव्या रंगाचा चेहरा म्हणजे सज्जन नायक, आणि तो रंग चढवायलाच काही तास लागतात. इथे साहेबांनी पहिल्यांदा वही उघडली. “काही तास? मग मेकअप घरूनच करून यायला सांगू.”

कुचिपुडीशी मात्र ते अडकले. तरंगम् या प्रकारात नर्तकी पितळी परातीच्या काठावर पाय रोवून परातीसकट रंगमंचभर फिरते, एवढंच मी सांगितलं होतं.

“परात कोणाची?”

“कलाकाराची.”

“सोसायटीच्या भांड्यांना हात लागणार नाही ना? मागच्या भंडाऱ्यानंतर एक अजून सापडली नाहीये.”

स्पर्धेच्या दिवशी पाऊस होता. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून तिथे प्लायवूडचा मंच मांडला होता. भरतनाट्यमची ओळख करून देताना, मद्रासमध्ये 1936 साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र स्थापन केलं इथपर्यंत मी पोचले, आणि पहिल्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, “अगं, ती पोर केव्हाची वाकून उभी आहे.” खरंच, मागे चिमुरडी अरमंडी धरून थरथरत होती. मी माइक खाली ठेवला.

पुढे सी-विंगचं नवं जोडपं साल्सा घेऊन आलं. मुळं क्युबाच्या संगीतात आणि वाढ 1960-70च्या न्यूयॉर्कमधली, असा त्याचा प्रवास मी एका वाक्यात उरकला आणि मोजणी सांगितली. आठ मात्रा. पावलं पडतात एक-दोन-तीनला आणि पाच-सहा-सातला, चार आणि आठ रिकाम्या.

“का?” तळमजल्यावरचे आजोबा. “फी तर आठांची घेतली असेल!”

पार्किंग हसलं. पण साल्साची सगळी गंमत त्या दोन रिकाम्या जागांत आहे. नवशिक्याला पाऊल टाकता येतं, न टाकणं जमत नाही. या जोडप्याचं चारला बरोबर थांबणं व्हायचं, फक्त दोघांचे चार वेगवेगळे होते. साल्सात एकाने न्यायचं असतं आणि दुसऱ्याने जायचं असतं. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाला न्यायचं ते अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

झुंबाचा गट आला तेव्हा मी हात आखडता घेतला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. कोलंबियातला बेटो पेरेझ हा शिक्षक एकदा एरोबिक्सची टेप घरी विसरला आणि बॅगेत होत्या त्या नाचगाण्यांच्या टेपवर त्याने क्लास चालवला. झुंबाचा जन्म तो. हे ऐकून गटातल्या वहिनींना एवढा हुरूप आला, की आपलं गाणं पेनड्राइव्हमध्ये सापडत नाही म्हटल्यावर त्या “चालेल, कोणतंही लावा” म्हणाल्या. मंडपवाल्याने गणपतीची आरती लावली. दोन कडव्यांवर झुंबा झाला, आणि उभं राहणं भागच असल्याने समोरचे सगळेही उठून टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचे पूर्ण गुण.

मग ब्रेकिंग घेऊन ए-विंगचा मुलगा. डोक्यावर टोपी उलटी, डोकं जमिनीवर, पाय वर. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1970च्या दशकात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरांनी रस्त्यावर, पुठ्ठे अंथरून ही कला उभी केली, असं मी सांगत असताना त्याची आई मंचाजवळ आली आणि माइकमध्ये म्हणाली, “हे ऑलिंपिकमध्येसुद्धा आहे.” होतं, बरोबर. 2024 ला पॅरिसमध्ये ब्रेकिंगची पदकं दिली गेली. पण 2028 च्या लॉस एंजेलिसच्या खेळांत ते नाही, ही माहिती मी कशाला पुरवली कोण जाणे. माहिती तोंडात आली की गिळता येत नाही. आजोबा लगेच, “पाहा, काढून टाकलं!” त्या माउलीने माझ्याकडे जे पाहिलं, त्यात नऊच्या नऊ रसांपैकी रौद्र एकटाच होता.

आता ज्या मुलीसाठी मी हे सगळं सोसलं तिच्याकडे येते. आमच्याच क्लासची, नववीतली. कथक, तीनताल. सोळा मात्रा. तिचा लेहरा, म्हणजे सोळा मात्रांची तीच तीच फिरणारी हार्मोनियमची धून, सेक्रेटरीसाहेबांच्या मोबाइलवर होता. तिने घुंगरांची दोरी घोट्यावर ओढून गाठ मारली, पायाचा आळता अजून ओला होता, प्लायवूडवर दोन लाल बोटं उमटली. तत्कार, म्हणजे नुसत्या पायांनी बोल वाजवणं, सुरू झाला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. लय बांधली गेली, पोरगी स्थिरावली, आणि फोन आला.

धून बंद. स्पीकरवर अख्ख्या पार्किंगला रिंगटोन. साहेब फोन कापायला धडपडताहेत, बोटं ओली, स्क्रीन ऐकेना. मुलगी थांबली नाही. तिचे पाय तीच लय धरून वाजत राहिले, नजर समोर, ओठ किंचित हलत होते. ती मोजत होती. फोन कापला गेला आणि लेहरा जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू झाला. पण तिचे पाय मधल्या काळात कुठेतरी पुढे गेलेले. आता धून एका मात्रेवर आणि ती भलत्याच. तिने सोळा मात्रांचं एक आवर्तन नुसतं ऐकलं, पाय हळू केले, आणि मग तिहाई घेतली. एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडायला हवा. पहिल्यांदा झाला तेव्हा लोकांनी संपलं समजून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा पुन्हा वाजवल्या, जरा कंटाळून. तिसऱ्यांदा तिचा पाय आणि धून एका ठिकाणी येऊन आदळले तेव्हा कोणीच टाळी वाजवली नाही, कारण अजून एकदा होणार असं सगळ्यांना वाटलं.

फक्त तळमजल्यावरचे आजोबा मांडीवर थाप मारून “हा!” म्हणाले. नंतर कळलं, त्यांनी उमेदीची वर्षं पंचवटीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवण्यात घालवली होती. साल्साच्या रिकाम्या मात्रांची त्यांची चौकशी अगदीच थट्टेची नव्हती तर!

गुणपत्रिकेत रकाने होते चार: पोशाख, हावभाव, गाण्याची निवड, प्रेक्षकांचा प्रतिसाद. तालाचा रकानाच नव्हता. मी पेनाने पाचवा आखला आणि तिला पहिलं केलं. त्यावर ग्रुपवर जे झालं ते इथे लिहीत नाही. ‘फोन वाजला तरी बक्षीस’ हा त्यातला सर्वांत सौम्य मजकूर. आमचे वॉचमनदादा पेठ तालुक्यातले. त्यांनी गेटवरून सगळं पाहिलं होतं. त्यांच्या गावी वाळलेल्या दुधीचा आणि बांबूचा तारपा वाजतो. वाजवणारा मधे, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. सूर बदलला की पाऊल बदललं. “आमच्याकडं तारप्याला पाठ करत नाही कुणी,” ते म्हणाले. “तुमच्याकडं सगळे मोबाइलकडं तोंड करून नाचत्यात. पहिला नंबर कुणाचा, आमच्यात विचारतच नाही.” पुढच्या वर्षी ओळख करून द्यायला मी त्यांचं नाव सुचवलंय.

विसर्जनाच्या दिवशी नाशिक ढोल आला. भलेमोठे ढोल, पुढे ताशा. ताशाने इशारा दिला की सगळे ढोल एकदम कोसळतात. इंदिरानगरच्या त्या अरुंद रस्त्यावर झुंबा, साल्सा, अरमंडी, उलटी टोपी सगळं एकत्र झालं आणि सर्वांचे दोन्ही हात वर गेले. रौद्र रसातल्या माउलीही हात वर करून नाचत होत्या, माझ्याच शेजारी. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब गर्दीतून वाट काढत आले, हातात माइक. कानाशी येऊन ओरडले, “ताई, ह्याचीपण ओळख होऊन जाऊ द्या! दोनच मिनिटं!”

मी माइक घेतला आणि बोलायला लागले. इतिहास सांगितला, ठेके सांगितले, टिपरू कसं धरतात ते सांगितलं. मनसोक्त बोलले. मला स्वतःलासुद्धा एक अक्षर ऐकू आलं नाही. माइक परत घेताना साहेब खूश होऊन म्हणाले, “आज बरोबर वेळेत संपवलंत!”