किट बॅगेतलं हेल्मेट

अमेरिकेतल्या आयोवा सिटीत सकाळी लवकर बाहेर पडलं की विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातली मुलं मोपेडवरून व्यायामाला निघालेली दिसतात. धिप्पाड अंग, खाली एवढीशी गाडी, आणि डोकं उघडं. कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेट १९३९ पासून सक्तीचं आहे. रस्त्यावर मात्र त्यांना कुणी अडवत नाही, कारण आयोवा राज्याने दुचाकीची हेल्मेटसक्ती १९७६ मध्येच रद्द केली. मोपेडला इथे ताशी ३९ मैल, म्हणजे जवळपास ६३ किलोमीटर वेगाची मुभा आहे.

‘माझं डोकं, माझी मर्जी’, ‘गावातल्या गावात तर जायचंय’ ही इथली कारणं ऐकली की मला पुणं आठवतं. २०१९च्या जानेवारीत तिथे सक्ती सुरू झाली, तेव्हा लोक पगड्या घालून रस्त्यावर उतरले होते. मलाही तेव्हा त्यांचं पटलं होतं. आता पटत नाही. आपल्याकडे कायदा आहे, पण चौकात पोलीस दिसेपर्यंत हेल्मेट आरशालाच लटकलेलं असतं.

खेळाडूंच्या बाबतीत मला प्रशिक्षकाचा शब्द जास्त मोलाचा वाटतो. नुसता सल्ला मात्र पुरत नाही. पिट्सबर्गचा व्यावसायिक फुटबॉलपटू बेन रॉथलिसबर्गर याला प्रशिक्षक बिल काउअर यांनी मोटरसायकलबद्दल आधीच समजावलं होतं. तरी जून २००६ मध्ये हेल्मेट न घालता तो धडकला, जबडा आणि नाक मोडलं. पुन्हा चालवलीच तर हेल्मेट घालूनच, असं तो नंतर म्हणाला. तो व्यावसायिक होता, त्याच्यावर प्रशिक्षकाची सत्ता मर्यादित होती. कॉलेजच्या मुलांचं तसं नाही. त्यांनी काय खायचं, कधी उठायचं, हेही प्रशिक्षक ठरवतात. मग हेल्मेटचा नियम त्यांनी का करू नये?

माझा भाचा पुण्यात क्रिकेट खेळतो. पहाटे ॲक्टिव्हावर निघतो, पायांपाशी किट बॅग, आणि लेदर बॉलसाठी घेतलेलं महागडं हेल्मेट त्या बॅगेत. दहा मिनिटं उशीर झाला तर सर फेऱ्या मारायला लावतात, म्हणून तो कधी उशीर करत नाही. परवा मी सरांना फोन करून एवढंच मागितलं की, गाडीवर जो हेल्मेट घालून येणार नाही, त्याला त्या दिवशी बॅटिंग देऊ नका. ते म्हणाले, “हे घरच्यांनी बघायचं, ताई.” माझी बहीण म्हणते, पोलिसांनी बघायचं.

या रविवारी मी सरांना पुन्हा फोन करणार आहे.