‘पार्किंग विकत घेतलंय, सोसायटीचा काय संबंध?’ संबंध आहे

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बिल्डरला पार्किंगचे पैसे दिले आणि करारात तसं लिहिलं असेल, तर जागा तुमच्या मालकीची. विका, बाहेरच्याला भाड्याने द्या, सोसायटी काही करू शकत नाही. दुसऱ्याने गाडी लावली तर सरळ हवा काढा.’ असल्या मेसेजच्या जोरावर वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात, म्हणून एकेक दावा नीट बघू.

आधी मालकी. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट सांगितलं, की 1963 च्या मोफा कायद्यात, म्हणजे बिल्डरच्या फ्लॅटविक्रीवरच्या महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यात, स्टिल्टखालची (इमारतीखाली खांबांमधली) किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे. ती सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. जे विकायचा हक्कच त्याला नव्हता, ते तुमच्या मालकीचं होणार कसं? पैसे गेल्याचं दुःख खरं आहे, पण तो हिशेब बिल्डरशी मांडायचा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने त्यातला एक रुपयाही घेतलेला नाही.

मात्र हाच निकाल सरसकट सगळ्यांच्या तोंडावर फेकणारेही चुकतात. इमारत रेराखाली, म्हणजे 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्याखाली, नोंदलेली असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांनुसार स्टिल्ट, पोडियम (इमारतीच्या पायथ्याचे उंचावरचे पार्किंग मजले), बेसमेंट हे ‘कव्हर्ड पार्किंग’ आहे आणि बिल्डर त्याचे पैसे घेऊ शकतो. उघडी जागा तिथेही विकता येत नाही. खांब-तुळया आड येतात, गाडीचं दार उघडत नाही, अशा तक्रारी आल्यावर महारेराने (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) 2024 मध्ये पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची करारासोबत देणं बंधनकारक केलं. तेव्हा भांडणाआधी करार काढा, तारीख बघा, जोडपत्र वाचा.

‘विका, भाड्याने द्या’ हे तर धडधडीत खोटं. सोसायटीने वाटून दिलेली जागा सभासदाला विकता येत नाही, परस्पर कुणाच्या नावावरही करता येत नाही, असं आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली, सांगतात. वाटपाचं धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, कमिटीतल्या चौघांची मर्जी नव्हे. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. दुसरी मिळते ती जागा उरली तर, आणि तीही कायमची नाही. गाड्या जास्त, जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. माझ्या मते बहुतेक भांडणं इथेच मिटतात, फक्त काम उघडपणे व्हायला हवं. मंजूर नकाशातल्या जागा मोजा, प्रत्येक गाडीचं आरसी बुक बघा, खांबावर क्रमांक रंगवा, सगळ्यांसमोर एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठ्या उचलून घ्या आणि निकाल तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहा. अध्यक्षांच्या दोन गाड्या लिफ्टशेजारी आणि नव्या सभासदाची स्कूटर गेटबाहेर, हे चालू राहिलं तर कुठलाही उपविधी उपयोगाचा नाही.

हवा काढणं, चाकाला साखळी लावणं, मागे गाडी आडवी उभी करणं: यात कायदा तुमच्या बाजूने नसतो. उलट तुमच्यावरच पोलिसांत तक्रार होऊ शकते. रात्री दवाखान्यात न्यायचं असेल त्या घराचं काय होईल, याचाही विचार करा.

कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, विषय सर्वसाधारण सभेत आणा. तरीही सुटलं नाही, तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते. पार्किंगचा वाद तिथला आहे, हे उपविधींतच लिहिलेलं आहे.