डीएनए टेस्ट घ्यायचीये? आधी विचारा, सुतक कोणाचं लागतं

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या डीएनए टेस्टबद्दल चार ओळी टाकल्या आणि तेव्हापासून रोज कोणीतरी विचारतंय, ताई कुठली घेऊ, ऑफर चालू आहे, दोन किट एकदम घेतले की स्वस्त पडतात. प्रत्येकाला फोनवर सांगून दमले, म्हणून इथे एकदाच लिहिते, जरा लांबेल.

तो रंगीत टक्केवारीचा नकाशा बघायला घेत असाल तर घेऊच नका. आपल्यासारख्यांना त्यात काय येतं, तर जवळजवळ सगळं दक्षिण आशिया, वर एखादा टक्का कुठला तरी चुकार. कंपनीकडचे तुलनेचे नमुने बदलले की तुमची टक्केवारीपण बदलते. जातीचा पुरावा मिळतो का असंपण एकाने विचारलं (२०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना जो भाव आलाय, त्यातलाच हा प्रकार). नाही मिळत बाबांनो. आर१ए म्हणून बापाकडून चालत येणारा जो वंशगट लोक मिरवतात तो आंध्रातल्या चेंचू आदिवासींमध्येपण सापडतो.

आता आमचं प्रकरण. राजापूर तालुक्यातलं गाव, एकाच आडनावाची अकरा घरं. त्यातल्या एका घराचं आम्हाला सुतक लागतं, काका म्हणते मी त्यांना, बाबांचे आणि त्यांचे पणजोबा सख्खे भाऊ असं वंशावळीत आहे. पण आजी नेहमी पुटपुटायची की मधे कोणीतरी दत्तक आहे. कोण ते कधी सांगितलं नाही, विचारलं की भाकरी थापायला लागायची.

मी काय केलं, भाची न्यूजर्सीहून येणार होती तिच्याकडून सगळ्यात जास्त जाहिरात असलेली, ऑटोसोमल टेस्ट मागवली आणि स्वतःचीच केली. दोन्ही चुका. ऑटोसोमल म्हणजे आईकडचं निम्मं बापाकडचं निम्मं, दर पिढीला अर्धं अर्धं होत जातं, त्यामुळे टेस्ट नेहमी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची करायची, माझ्यापेक्षा बाबांमध्ये आजी-आजोबांचं दुप्पट शिल्लक आहे आणि ते आज आहेत, उद्याचं कोणी सांगावं. मग बाबांची केली, काकांची केली, आत्याची करायला गेलो. आत्या ८३ वर्षांची, कवळी काढून, अर्धा तास काही न खाता-पिता नळी हातात धरून बसली, थुंकीच येईना. चिंच आठव म्हटलं, कैरी आठव म्हटलं, शेवटी तीच चिडून म्हणाली मेल्यांनो तोंडात पाणी असतं तर तुमच्यावर थुंकले असते. म्हाताऱ्या माणसांसाठी गालाच्या आतून काडी फिरवायची असते तशी किट बघा, हे कोणी सांगत नाही.

निकाल आला: बाबा आणि काका लांबचे चुलत! आम्ही खूश. मग खाली बघते तर साताऱ्याकडच्या मूळचा एक माणूसपण बाबांचा तेवढाच चुलत, आणि अमेरिकेतल्या तिघीजणी, ज्यांच्याशी आमचं काही म्हणजे काही नातं नाही. कारण पिढ्यान्पिढ्या त्याच पंचवीस-तीस घरांत सोयरिकी, त्यात मामाची मुलगी करायची पद्धत, सगळेच थोडेथोडे सगळ्यांचे लागतात. त्यामुळे कंपनी जे नातं जवळचं दाखवते ते आपल्याकडे प्रत्यक्षात दोनतीन पिढ्या लांबचं निघू शकतं. दत्तक कोण, हा प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न वाय टेस्टचा. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, बहुतेक तसंच्या तसं, म्हणजे जवळजवळ आडनावासारखं. मला ते नाहीच, बायकांना नसतं, त्यामुळे मी कितीही थुंकले तरी बाबांच्या घराण्याची रेघ माझ्यात दिसणार नाही, बाप किंवा भाऊ किंवा काका धरून आणावा लागतो. फॅमिली ट्री डीएनए नावाची कंपनी ही टेस्ट वेगळी विकते, ३७ मार्करची (मार्कर म्हणजे गुणसूत्रावरच्या तपासायच्या जागा), १११ ची, आणि महागडी बिग वाय ७००. दोन घरं एक आहेत की नाही एवढंच बघायचं असेल तर ३७ पुष्कळ झाले. (आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियलची पण टेस्ट असते, पण ते इतकं हळू बदलतं की मॅच आली तरी ती हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. नेमका प्रश्न नसेल तर पैसे वाचवा.)

बाबांचा वंशगट आर१ए, काकांचा एच. म्हणजे दोन्ही घरांची बापाकडची रेघ एक असणं शक्यच नाही, मधे कुठेतरी ती तुटलीये. आम्ही लगेच ठरवून टाकलं की दत्तक काकांच्या घरात आलेला, आपण मूळ! पण दोन माणसांच्या टेस्टवरून फक्त वेगळे आहेत एवढंच कळतं, बदल कोणाच्या घरात झाला ते नाही. तिसरी शाखा पाहिजे. ती सापडली बेळगावात, तिथले दादा आधी नको म्हणाले आणि बरोबर होतं त्यांचं, २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए टेस्टवाल्या कंपनीमधून ६९ लाख लोकांची माहिती गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आपण कोणाच्या हातात काय देतोय ते बघायलाच पाहिजे, शिवाय तुमच्या टेस्टमध्ये तुमच्या भावंडांचंपण निम्मं जातं. सगळं समजावून, टोपणनावाने खातं काढून केली.

दादापण काकांसारखे एच. म्हणजे दत्तक बहुतेक आम्ही.

मग त्र्यंबकेश्वरला गेलो, तिथले क्षेत्रोपाध्ये म्हणजे तीर्थाचे गुरुजी घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. खरं तर आधीच जायला पाहिजे होतं, खर्च काय तर गाडीभाडं आणि दक्षिणा. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लाल कापडातली वही काढली आणि दहा मिनिटांत शके १८१४ ची नोंद बोटाखाली धरली, मोडीत, आमच्या पणजोबांचं नाव आणि पुढे स्वच्छ, 'दत्तक'. कुठल्या घरातून ते नाही. एकशे तीस वर्षं ते तिथे लिहिलेलं होतं आणि मी किटवर पैसे घालत बसले होते. म्हणून सांगते, आधी म्हाताऱ्यांना विचारा, सुतक कोणाचं लागतं आणि का, देवक काय, मग क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, गावचे जुने फेरफार, आणि त्यातून एखादा नेमका प्रश्न उरला तर त्याच्यापुरती टेस्ट.

बाबांना घाबरत घाबरत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बांधाची केस निकालात निघेपर्यंत हे गावात बोलू नकोस." दत्तकालापण वारसाहक्क असतो म्हटलं तर म्हणाले वकील मी आहे की तू. दोघंही नाही.

काकांकडे ऑगस्टमध्ये मयत झालं, आम्ही दहा दिवस पाळले, त्यावर चर्चापण झाली नाही. बाबांच्या वायची मॅच लिस्ट मात्र अजून कोरी आहे, आपल्याकडच्या किती पुरुषांनी ही टेस्ट केलीये म्हणा. पासवर्ड त्यांनी वहीत लिहून घेतलाय आणि दर रविवारी चहा झाला की मला हाक मारतात, ते बघ गं, आलं का कोणी.